मायकवाले बिरूभाऊ आणि काठीवाला केरबा

बिरूभाऊ गेल्याचं मला त्यांच्या फोटोंवरून कळलं. मंचरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. या धंद्यात माणूस पास झाला, निवडून आला किंवा वारला, की पहिली खबर आम्हाला लागते. कधीकधी लांबच्या नातेवाइकांच्याही आधी. त्या दिवशी सकाळी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडले आणि खाली ओळ होती, 'ताई, श्रद्धांजलीचा करायचाय, आजच्या आज द्या.' उघडून बघते तर प्रत्येक फोटोत बिरूभाऊंच्या हातात मायक आणि तोंड उघडं. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माणूस कसा शांत, जरासा हसरा लागतो. हा माणूस प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी बैलांची नावं घेत होता. शेवटी लग्नातल्या एका फोटोतला मायक मी पुसून काढला, पण उघडं तोंड काही मिटवता येईना. तसाच छापला.

बिरूभाऊ मूळचे आणे गावच्या पठारावरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पुढं पिंपरी पेंढारला थोडं रान घेतलं आणि तिथंच स्थायिक झाले. रान बघायची त्यांची बायको हिराबाई, आणि हे बोलायचे. बैलगाडा शर्यतीत मायकवर बोलणं हा त्यांचा खरा उद्योग. शर्यतीच्या चढाला आमच्याकडं घाट म्हणतात आणि एकेका गाड्याच्या धावेला बारी. जुन्नर-आंबेगावात असा घाट नसेल जिथं बिरूभाऊंचा आवाज घुमला नाही. बारी सुटायच्या आधी ते बैलांची नावं घ्यायचे, मालकाचं, मालकाच्या बापाचं, गावाचं, आणि गावात काही सांगण्यासारखं असेल तर तेही. नसेल तर ते तयार करून सांगायचे. बारी संपायला काही सेकंद पुरतात, पण बिरूभाऊंचं बोलणं ऐकायला माणसं उन्हात दिवसभर बसायची.

खोड अशी, की मायक हातात नसला तरी फरक पडायचा नाही. चहाच्या टपरीवर शिरले तरी आधी चहावाल्याची ओळख बाकीच्या गिऱ्हाइकांना करून द्यायचे, जणू ती माणसं तिथं रोज चहा पीतच नव्हती. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा आधीच बसलेल्या दोघांना त्यांनी माझीच ओळख करून दिली. म्हणाले, ह्या फ्लेक्सवाल्या ताई, जन्म जुन्नरचा, दिल्या घोडेगावला, दुकान मंचरला, तीन गावांचा मान एकाच खुर्चीत. त्या दोघांपैकी एक माझा सख्खा दीर होता.

मी एकदा त्यांना म्हटलं, भाऊ, प्रत्येकाचं नाव घेतलंच पाहिजे का? त्यावर ते पहिल्यांदाच जरा गंभीर झाले.

"ताई, मानूस जवळ आला आन आपुन त्याचं नाव न्हाई घेतलं, तर त्यो आला कशाला मंग?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. लग्नात मायकवाल्याचं काम काय, तर आलेल्या पुढाऱ्यांची नावं वाचायची. ते बिरूभाऊ करायचेच. पण जेवणावळी उठायला लागल्या की हे मागं जाऊन यायचे, भांडी घासायला बसलेल्या बायकांची नावं विचारून यायचे, आणि मग साऱ्या मांडवाला ऐकवायचे. पेठ गावाजवळच्या एका लग्नात मी स्वतः ऐकलंय. एका म्हातारीचं नाव त्यांनी नवऱ्याच्या नावासकट, माहेरच्या गावासकट घेतलं. ती राखेचे हात तसेच धरून उभी राहिली आणि रडायला लागली. आजवर तिचं नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. असा माणूस आवडणार नाही तर काय होणार. मला ते फार आवडायचे, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचंय ते त्यांच्याविरुद्ध गेल्यासारखं वाटेल.

आता केरबाचं सांगते. माझ्या वयाच्या पुष्कळांना 'काठीवाला केरबा' आठवत असेल. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेली पातळ चित्रकथा, कागद असा की पान न उलटताच मागचं दिसावं. केरबा म्हणजे मेंढपाळ. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, मागं कान तुटलेला एक कुत्रा. मेंढ्यांचे चोर, धरणाच्या कामावरचा लबाड मुकादम, बायाबापड्यांना फसवणारा बुवा, अशा सगळ्यांना तो डोक्यानं हरवायचा. काठी त्यानं कधी कुणावर उगारली नाही, तो ती फक्त टेकून उभा राहायचा. पानाच्या खालच्या कोपऱ्यात सही असायची, 'चितारी'. हे चितारी कोण, कुठले, कुणाला माहीत नव्हतं आणि आम्हाला तेव्हा त्याची गरजही वाटली नाही.

बिरूभाऊंना मात्र केरबा म्हणजे घरातलाच माणूस. शाळेच्या पुस्तकात राजे होते, शेतकरी होते, शिपाई होते; त्यांच्या बापाच्या खांद्यावरचं घोंगडं कुठंच नव्हतं. ते पहिल्यांदा या चित्रकथेत दिसलं. बापाला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मेंढरं वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसली की हे पोरगं बापाला आणि चुलत्यांना केरबा वाचून दाखवायचं, मुकादमाचा आवाज वेगळा, बुवाचा वेगळा, कुत्र्याचा तर वेगळाच. मायकवर बोलायचं तिथंच शिकलो, असं ते सांगायचे.

पुढं ती चित्रकथा बंद पडली, आणि बंद पडली ती गोष्ट अर्धी ठेवून. शेवटच्या अंकात केरबा हरवलेल्या मेंढीच्या मागं एका भुयारात उतरतो, वरून दरड घसरते आणि भुयाराचं तोंड बंद होतं. खाली लिहिलंय, 'पुढील अंकात'. तो पुढचा अंक निघालाच नाही. आम्ही मोठे झालो, लग्नं झाली, विसरून गेलो. बिरूभाऊ विसरले नाहीत.

बैलगाडा शर्यतींवर बंदी होती ती वर्षं त्यांना फार जड गेली. घाट गप्प झाले आणि त्यांच्याबरोबर हेही. लग्नाचा हंगाम संपला की बोलायचं कुणाशी. त्या रिकामपणात त्यांना नारायणगावच्या एका रद्दीच्या दुकानात केरबाचे अंक सापडले. त्यांनी पानांचे फोटो काढून मोबाइलवर धाडले आणि बघता बघता 'केरबाप्रेमी मंडळ' नावाचा ग्रुप झाला. त्यात एसटीचे ड्रायव्हर होते, द्राक्षवाले बागायतदार होते, दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, डिंभ्याला धरणात मासेमारी करणारा शांताराम होता. मीही होते. कुणीतरी पुण्यात जाऊन प्रकाशकांना गाठलं. जुने मालक गेले होते, धाकटे मालक बोलायला बरे होते. त्यांनी सरळ सांगितलं, जुने सगळे अंक एकत्र छापायला माझी ना नाही, पण दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे वाचणारी माणसं आहेत हे मला दिसू द्या. दुसरं, गोष्ट अर्धी ठेवून मी पुस्तक काढणार नाही. चितारींनी शेवटचा भाग काढून द्यायला हवा.

झालं. बिरूभाऊंना जगायला कारण मिळालं.

प्रचार कसा करायचा हे आमच्या दोन तालुक्यांना शिकवावं लागत नाही. टोमॅटोच्या क्रेटवर स्टिकर लागले, 'केरबा कुठं आहे?' ते क्रेट नारायणगावहून निघून कुठल्या कुठल्या शहरांत गेले आणि तिकडून फोन यायला लागले की हा केरबा कोण, हरवलाय का, पोलिसांत कळवलंय का. उसाच्या ट्रॉलीमागं केरबा आला, रिक्षाच्या पडद्यावर आला. मोठा फ्लेक्स माझ्याकडं छापला. केरबा काठी टेकून उभा आणि वर ठळक अक्षरांत, 'आपला माणूस पुन्हा येतोय!' बिरूभाऊंची एकच अट होती, त्यावर शुभेच्छुकांचे चेहरे नकोत, एकट्या केरबाचा हवा. माझ्या दुकानाच्या इतिहासातला शुभेच्छुक नसलेला तो पहिला फ्लेक्स.

आता तो लावला तेव्हा ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागलेल्या, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. चार गावांत फ्लेक्स लागले आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली, हे केरबा पाटील कुठल्या वॉर्डातून उभे आहेत, चिन्ह काठीच का? एका पॅनेलवाल्यानं बिरूभाऊंना घरी बोलावून चहा पाजला आणि केरबाला आमच्याकडून उभं करा म्हणून गळ घातली. दुसऱ्यानं दम दिला. शेवटी आचारसंहितेचे लोक येऊन फ्लेक्स काढून घेऊन गेले. मतदानाच्या दिवशी एका गावात म्हणे मतपत्रिकेवर केरबाचं नाव कुठं आहे म्हणून एक आजोबा भांडले. मतदान यंत्रावर असतं, पत्रिकेवर नाही, त्यामुळं हे खोटं असणार. पण बिरूभाऊ ते प्रत्येक ठिकाणी सांगायचे आणि सांगताना स्वतःच इतके हसायचे की पुढचं ऐकू यायचं नाही.

बंदी उठली आणि घाट पुन्हा भरायला लागले, तेव्हा बिरूभाऊंनी त्यांचा हुकमी एक्का काढला. एका यात्रेत, दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळात, जिथं देणगीदारांची नावं वाचायची तिथं त्यांनी केरबाचा शेवटचा अंक वाचायला घेतला. तसेच सगळे आवाज काढून. आधी लोक हसले, मग गप्प झाले. बैल जुंपलेले, गाडामालक कासरे धरून उभे, आणि सगळा डोंगर भुयाराची गोष्ट ऐकतोय. दरड कोसळली तिथं बिरूभाऊ थांबले आणि विचारलं, फुडचा भाग कुनाकुनाला पायजे? साऱ्या घाटावर टोप्या आणि उपरणी हवेत गेली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो इतका फिरला की पुण्याच्या धाकट्या मालकांपर्यंत पोचला, आणि त्यांनी तो चितारींना दाखवला.

मग चितारींनी आपण होऊन बिरूभाऊंना फोन केला. पुण्यात एका लहानशा फ्लॅटमध्ये ते एकटे राहत होते. आपल्याला कुणी ओळखत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. शेवटचा भाग काढायला ते तयार होते, नव्हे, त्यांना तो काढायचाच होता. पण डोळे जात चालले होते. डॉक्टरांची इंजेक्शनं सुरू होती आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं की जे काही बारीक काम उरलं असेल ते या हिवाळ्यात उरकून घ्या. त्यांच्या फ्लॅटसमोर मोठी इमारत उठल्यामुळं घरात उजेड येत नव्हता. त्यांना पुढच्या इंजेक्शनपर्यंतचा आठवडाभर एक शांत खोली हवी होती, जिथं भरपूर उजेड असेल. सोळा पानं होतील म्हणाले.

डिंभ्याला शांतारामची एक खोली होती, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून. पूर्वेला खिडकी. गाड्या कमी, बस लहरीवर, माणूस सहसा फिरकायचं नाही अशी जागा. बिरूभाऊंनी स्वतः ती सारवून घेतली, टेबल आणलं, खुर्चीला गादी शिवून घेतली. चितारी साहेब आले त्या दिवशी मीही गेले होते. बारीक अंगाचे, स्वेटर घातलेले, जाड चष्म्याचे. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, इथं होईल काम. बिरूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात ज्या माणसाला भेटायचं होतं तो समोर उभा होता.

आणि तिथंच सगळं बिघडलं. कारण माणूस जवळ आला होता, आणि त्याचं नाव न घेता राहणं बिरूभाऊंना जमणारं नव्हतं.

पहिला सत्कार डिंभ्यातच झाला, शाल, श्रीफळ, फेटा. तो व्हायलाच हवा होता. पाहुणा आल्यावर एवढं कोण करणार नाही. पण त्याच संध्याकाळी बिरूभाऊंना दुसरीकडं एका कार्यक्रमात मायक मिळाला आणि त्यांनी साऱ्या मुलखाला सांगून टाकलं की केरबाचे जनक चितारी साहेब आपल्या भागात मुक्कामी आहेत. पत्त्यासकट सांगितलं. दुसऱ्या दिवशी आण्याची माणसं आली, आमच्याकडं आणल्याशिवाय कसं? केरबा तर आमच्या पठारावरचाच. आण्याला नेलं म्हटल्यावर पिंपरी पेंढारचे रुसले, बिरूभाऊ आमच्या गावचे आणि आम्हीच परके का? एकाचा मान ठेवला की दुसऱ्याचा मोडतो, ही आमच्याकडची रीत सगळ्यांना पाठ आहे. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक, हलगी, जेसीबीतून फुलं. व्यासपीठावर चितारी साहेब फेटा बांधून बसलेले आणि प्रत्येक वक्ता केरबावर सोडून बाकी सगळ्यावर बोलतोय. ते सभ्य गृहस्थ. कुणी हात जोडून बोलावलं की नाही म्हणता यायचं नाही. लोक प्रेमानं बोलावतात हो, म्हणायचे.

आठवडा निम्मा सरला तेव्हा कुठल्यातरी सत्काराचा बॅनर पोचवायला मी डिंभ्याला गेले. सकाळची वेळ होती. अंगणात पंधरा-वीस चपला. आत चितारी साहेब खुर्चीवर बसलेले आणि आजूबाजूला माणसं मोबाइल धरून. टेबलावर चित्राचा फळा, त्याला कागद टाचण्या मारून लावलेला होता. त्यावर नुसत्या चौकटी आखलेल्या. आत काही नव्हतं, एक रेघही नाही. माझी नजर तिकडं गेलेली त्यांनी बघितली.

"चौकटी झाल्या आहेत," ते म्हणाले. मग अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं, "इथला उजेड फार चांगला आहे. दहापर्यंत तर उत्तमच. पण दहापर्यंत मंडळी असतात."

बाहेर हिराबाई चुलीपाशी होत्या. साहेबांना जेवण त्याच करायच्या, पिंपरी पेंढारहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. त्यांचा नवऱ्यावर राग मावत नव्हता. त्या म्हाताऱ्याला हात धुवायची सवड द्यायला सांगा ह्यांना, असं मलाच म्हणाल्या. मी बिरूभाऊंना बाजूला घेतलं आणि जे बघितलं ते सांगितलं. म्हटलं, भाऊ, हे सगळं बंद करा, त्या माणसाला बसू द्या.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या हे खरंच लक्षात आलं नव्हतं. कामाला शांतता लागते, हे ज्या माणसाचं कामच आवाज आहे त्याला कुठून सुचणार. म्हणाले, तुमचं बराबर हाय, उद्यापासनं बंद. फक्त आज दुपारचा एक कार्यक्रम ठरलाय, त्या लोकांनी मांडव घातलाय, त्यांना नाही म्हटलं तर कायमचे तुटतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द पाळला. एकही कार्यक्रम घेतला नाही, उलट सकाळपासून स्वतः दारात उभे राहिले, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून. शांतारामनं मला हे नंतर सांगितलं. पण माणसं आता बोलवायला लागत नव्हती. पत्ता सगळ्यांना ठाऊक झाला होता, टेम्पो करून येत होती. आणि दारात आलेल्या प्रत्येकाला बिरूभाऊ नावानं ओळखत होते. हा अमक्या बैलाचा मालक, ही तमक्याची सून, याच्या बापानं आपल्याला घाटावर पहिल्यांदा मायक दिलेला. इतक्या लांबून आलोय भाऊ, पाया पडून जातो. बिरूभाऊ गयावया करायचे, मग डोळे मिटून म्हणायचे, दोनच मिनिटं. अनोळखी माणूस दारात उभा केला असता तर त्यानं सगळ्यांना परत पाठवलं असतं. बिरूभाऊंना अख्ख्या दोन तालुक्यांत अनोळखी कुणी नव्हतंच.

आठवडा संपला. साहेबांना पुण्याला सोडायला बिरूभाऊच गाडी घेऊन गेले. डिकी शालींनी आणि सन्मानचिन्हांनी भरली, नारळ पायाशी ठेवले. चित्राचा फळा मावेना म्हणून तो शांतारामकडंच ठेवला, मागाहून पाठवू म्हणाले.

पुण्यात गेल्यावर साहेबांनी घरी बसून काढायचा प्रयत्न केला असं धाकटे मालक सांगत होते. पण उजेड नव्हता, आणि उन्हाळा लागेपर्यंत डोळ्यांनी पुरती साथ सोडली. नंतर त्यांना समोरच्या माणसाचा चेहराही दिसेना. श्रावणात ते गेले. मला आजही तो चौकटींचा कागद आठवला की जीव तुटतो. आम्ही त्या माणसाला वाईट वागवलं असतं तर एकवेळ पश्चात्ताप करता आला असता. आम्ही त्याला डोक्यावर घेतलं होतं.

आण्याला शोकसभा झाली. भाषणं झाली, फोटोला हार घातले. शेवटी मायक बिरूभाऊंकडं आला आणि सगळे सावरून बसले, आता हे बोलणार म्हणून. बिरूभाऊ मायक घेऊन उभे राहिले.

"आपुन त्यांना बसू दिलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि मायक खाली ठेवला.

लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. पण त्यानंतर ते घाटावर गेले नाहीत. बोलावणी आली, मोठमोठ्या यात्रांची आली. घसा बसलाय म्हणून सांगायचे. घसा ठणठणीत होता. पुस्तक निघालं, तेही छान कागदावर. प्रकाशकांनी माणसं बघितलेली होती, त्यांनी शेवटाशिवाय काढायचं धाडस केलं आणि ते खपलंही चांगलं. आमची मोहीम यशस्वी झाली म्हणायची. पुस्तकाच्या कार्यक्रमाला बिरूभाऊ आले नाहीत.

मग एक नवीनच कुजबूज सुरू झाली. पुस्तक वाचून संपलं की प्रत्येकाला शेवट हवा असायचा, आणि कुणीतरी काढलं की शेवट बिरूभाऊंना ठाऊक आहे. पुण्यापर्यंत साहेबांच्या शेजारी बसून तेच तर गेले होते. एवढा वेळ गाडीत काय नुसते बसले असतील? सांगितलाच असणार शेवट. मग जो तो त्यांना विचारायला लागला. ते हसून टाळायचे, आणि टाळतात म्हणजे नक्कीच ठाऊक आहे, अशी लोकांची खात्री पटायची. काहीजण चिडले. एकट्यासाठी ठेवून घेतलाय, म्हणाले. ज्यानं जन्मभर कुणाची बारीकशी गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही, त्याच्याबद्दल हे बोललं जात होतं.

मला ते शेवटचे भेटले घोडेगावच्या स्टँडवर. दुपारची वेळ, डिंभ्याची गाडी नेहमीसारखी लांबलेली. बाकावर एका टोकाला बसले होते. आधी मी ओळखलंच नाही, कारण इतका वेळ गप्प बसलेले बिरूभाऊ मी कधी पाहिले नव्हते. कुठं निघालात विचारलं तर शांतारामकडं जाऊन येतो म्हणाले. हिराबाईंची चौकशी केली, माझ्या मुलीच्या परीक्षेची केली. तेवढ्यात दोघं तरुण आले, वाकून नमस्कार केला आणि तेच विचारलं, भाऊ, आता तरी सांगा की केरबाचं काय झालं ते. बिरूभाऊ हसले, त्यांना त्यांच्या गावाचं नाव विचारलं आणि वाटेला लावलं.

ते गेल्यावर मीही विचारलं. खोटं कशाला सांगू, मलाही जाणून घ्यायचं होतं.

बिरूभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. आवाज इतका खाली होता की मला सरकून बसावं लागलं.

"गाडीत इचारलं व्हतं मी, ताई. म्हनलं, सायेब, चित्र ऱ्हाऊ द्या, नुसतं तोंडानं सांगा. केरबा भाईर कसा येतो?"

"मग?"

"म्हनले, बिरूभाऊ, मलाबी कुटं ठाव हाय? मी कंदीच आदी ठरवत न्हाई. कागदाम्होरं बसलो की मंगच कळतं."

ते समोर स्टँडच्या डांबराकडं बघत होते.

"लोकांला वाटतं मी लपवितोय. वाटू द्या. कुनालाच म्हाईत न्हाई आसं सांगितलं तर लई वाईट वाटंल त्येंला."

गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं दारातूनच मायकवाले म्हणून हाक मारली. बिरूभाऊ उठले, पिशवी घेतली, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"आन पुन्यात उतरताना सायेब माजा हात हातात घेऊन काय म्हनले ठाव हाय का? म्हनले, तुमी माज्यासाटी फार केलं."

मागून माणसं चढायला लागली तसे ते आत गेले.